बिबट्याचे घर कोणते? : परिसरशास्त्रातील कल्पना कशा घडतात व बदलतात

गोरेगाव पूर्वेला, आरे रोडच्या आसपास राहणाऱ्या माणसाला बिबट्याची ओळख राणीच्या बागेत जाऊन करून घ्यावी लागत नाही. दूध वसाहतीतल्या तबेल्यांजवळ, चित्रनगरीच्या आवारात, एखाद्या सोसायटीच्या कंपाउंडात तो दिसल्याची बातमी अधूनमधून येतच असते. बातमी आली की रिक्षाच्या रांगेपासून आमच्या बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो : "जंगलातला प्राणी वस्तीत का येतो?"

आम्हीही बरीच वर्षे हाच प्रश्न विचारीत होतो. या प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच दडलेले आहे, हे पुढे थोडेफार वाचन केल्यावर आमच्या ध्यानी आले. बिबट्याचे घर म्हणजे जंगल, वस्ती हे त्याचे घर नव्हे, आणि तो वस्तीत दिसला म्हणजे वाट चुकला किंवा उपाशी आहे, ही तीन विधाने आपण प्रश्न विचारतानाच मान्य करून बसलेलो असतो. ती कोणी तपासली होती काय? तपासली तेव्हा काय आढळले? आणि तपासण्याआधी त्यांच्यावर विसंबून आपण जे केले, त्याची किंमत कोणी दिली? प्रस्तुत लेखात याचा विचार करावयाचा आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि पेशाने बँकेतील कारकून. तेव्हा विषय जसा आम्हांला समजला, तसाच तो सोपा करून मांडत आहोत.

सिद्धांत म्हणजे काय?

सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास म्हणजे परिसरशास्त्र. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये या शास्त्राला नाव दिले. या शास्त्रात 'सिद्धांत' हा शब्द वारंवार येतो. व्यवहारात आपण "ते नुसते थिअरीत ठीक आहे" असे म्हणून तो शब्द मोडीत काढतो. पण सिद्धांताचा उपयोग काय असतो, हे आम्ही पुस्तकाआधी लेजरवर शिकलो.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत काही खाती अजून हाताने लिहिली जात. संध्याकाळी बेरीज जुळली नाही की सर्वांचे चेहरे उतरत. अशा वेळी आमचे एक ज्येष्ठ सहकारी फरकाच्या रकमेला आधी ९ ने भागून पाहात. भाग गेला की म्हणत, "कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ५४०० च्या जागी ४५०० लिहिले असेल, शोधा." दोन शेजारचे अंक उलटे झाले की येणारा फरक नेहमी ९ ने भागला जातो, हे गणित त्यांना ठाऊक होते. त्यामुळे पाचशे व्हाउचरांच्या ढिगात नेमके काय शोधायचे ते कळे आणि अर्धा तास वाचे. मात्र कधीकधी भाग जाऊनही चूक वेगळीच निघे. एखादे ९०० रुपयांचे व्हाउचर चढवायचेच राहून गेलेले असे. म्हणजे कल्पनेने दिशा दाखविली, तरी व्हाउचर उघडून पाहावेच लागत असे.

शास्त्रातील सिद्धांताचेही असेच असते. तो "हे खरे असेल, तर अमुक ठिकाणी अमुक दिसले पाहिजे" असे सांगतो. मग कोणीतरी तेथे जाऊन पाहतो. दिसले तर सिद्धांताचे बळ वाढते. न दिसले तर तो दुरुस्त करावा लागतो, किंवा तो कोठे लागू पडतो आणि कोठे नाही याची हद्द आखावी लागते.

समुद्रातील मासे आणि कागदावरील गणित

याचे एक गाजलेले उदाहरण इटलीतील आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी खूप घटली होती. उंबर्टो दांकोना नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने बाजारातील नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला नवल वाटले. त्या वर्षांत जाळ्यात आलेल्या माशांमध्ये दुसऱ्या माशांना खाणाऱ्या शार्कसारख्या माशांचे प्रमाण वाढलेले होते. मासेमारी घटली तर सर्वच मासे सारखे वाढायला हवेत, मग भक्षकच जास्त का वाढावेत?

त्याने हा प्रश्न आपले होऊ घातलेले सासरे, विख्यात गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये त्यासाठी समीकरणे मांडली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ मध्ये स्वतंत्रपणे तशीच समीकरणे प्रसिद्ध केली होती. हे लोटका विमा कंपनीत आकडेवारीचे काम करीत, ही गोष्ट आमच्यासारख्या आकडेमोडीवर पोट भरणाऱ्यांना सुखावणारी आहे. या समीकरणांचा मथितार्थ असा : मासेमारी चालू असते तेव्हा मोठा मासा दुहेरी मार खातो. तो स्वतः जाळ्यात सापडतो आणि त्याचे अन्नही जाळ्यात जाते. लहान मासा मात्र जाळ्यात सापडला तरी त्याला खाणारेही त्याच वेळी कमी होत असतात. म्हणून मासेमारी थांबली की जास्त फायदा मोठ्याचा होतो. पुढे कीटकनाशकांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. फवारणीत किडीबरोबर किडीला खाणारे कीटकही मेले आणि काही ठिकाणी कीड पूर्वीपेक्षा वाढली. माशांसाठी मांडलेले गणित बागांमध्येही उपयोगी पडले.

पण त्याच गणिताने असेही सांगितले होते की, भक्षक आणि भक्ष्य यांची संख्या आळीपाळीने कमीजास्त होत राहील. रशियातील गौझे यांनी काचेच्या नळीत सूक्ष्म जीव घेऊन हे पडताळले. त्यांचा १९३४ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. नळीत भक्षकाने सगळे भक्ष्य फस्त केले आणि मग तो स्वतःही उपासमारीने मेला. ठरावीक अंतराने बाहेरून थोडे थोडे जीव आणून सोडले, तेव्हा कोठे चढउतार दिसू लागला. म्हणजे समीकरणात एक गोष्ट राहून गेली होती : निसर्गात जीवांची ये-जा चालू असते.

बेटांचा सिद्धांत आणि आपले उद्यान

या ये-जा करण्यावरच पुढचा मोठा सिद्धांत उभा राहिला. १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी बेटांवरील जीवसृष्टीविषयी ग्रंथ लिहिला. बेटावर किती जाती असतील, हे बाहेरून नवीन जाती येण्याचा वेग आणि असलेल्या जाती नाहीशा होण्याचा वेग यांच्या मेळावर ठरते, असे त्यांनी मांडले. बेट लहान असेल आणि मुख्य भूमीपासून दूर असेल, तर त्यावर जाती कमी. मग विल्सन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील खारफुटीची चिमुकली बेटे निवडली, त्यांवर तंबू ठोकला, धुरी देऊन सगळे कीटक मारले आणि पुढे कोण कोण परत येते ते मोजत बसले. वर्षभराच्या आत बहुतेक बेटांवर जातींची संख्या पूर्वीच्या आसपास आली. मात्र आलेल्या जाती सगळ्या पूर्वीच्याच नव्हत्या.

या सिद्धांतामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांची अभयारण्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सिमेंटच्या समुद्रातले हिरवे बेट म्हणून ती पाहिली जाऊ लागली. आपले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्या. क्षेत्र अवघे १०३ चौरस किलोमीटरांच्या आसपास. पश्चिमेला बोरिवली, मालाड, गोरेगाव, पूर्वेला मुलुंड आणि ठाणे, उत्तरेला खाडी. नकाशावर पाहिले तर बेटच. आणि बेट म्हटले की पुढचा विचार आपोआप येतो : बेटावरच्या प्राण्याने बेटावर राहावे, आणि तो बाहेर दिसला तर त्याला उचलून पुन्हा बेटावर सोडावे.

बेडकासाठी किंवा जंगलातील लहानशा पालीसाठी हे उद्यान बेट असेलही. बिबट्यासाठी ते बेट आहे काय, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नव्हता.

जुन्नरचे पिंजरे

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत नव्हे, तर पुणे जिल्ह्यात मिळू लागले. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि जुन्नरच्या परिसरात बिबटे उसात राहू लागले. उसातच पिल्ले होऊ लागली. हल्ले झाले तसे २००१ पासून पिंजरे लावून बिबटे पकडण्याची आणि त्यांना सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. मोहिमेमागील विचार सरळ होता : हे जंगलातले प्राणी आहेत, त्यांना घरी पोहोचवू या.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातील हल्ल्यांच्या नोंदी वर्षवार मांडल्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती. स्थलांतराची मोहीम सुरू झाल्यावर ती १७ वर गेली. त्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. असे का व्हावे? त्यांनी दिलेला अर्थ परिसरशास्त्रातील एका जुन्या कल्पनेवर आधारलेला आहे. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. त्याला तेथील पाणवठा, लपण्याची जागा आणि माणसांच्या वेळा माहीत असतात, म्हणून तो माणसाला चुकवून जगतो. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकले की हे ज्ञान निरुपयोगी ठरते. पिंजऱ्यातला ताण वेगळाच. तो परतीची वाट धरतो आणि अनोळखी वस्त्यांतून जातो. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा, बहुधा तरुण बिबट्या घेतो. म्हणजे ज्या गावातून बिबट्या नेला तेथेही बिबट्या उरतोच, आणि जेथे नेला तेथे एक जास्तीचा होतो.

२००९ मध्ये तर एका प्राण्यानेच साक्ष दिली. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक प्रौढ नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात कॉलर बांधली आणि माळशेज घाटात सोडले. तो 'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. आजोबा घाटात थांबला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडीत, वसईची औद्योगिक वसाहत पार करीत, खाडी पोहून तो थेट आपल्या राष्ट्रीय उद्यानात आला. वाटेत त्याने कोणा माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. ज्या उद्यानाला आपण बेट म्हणत होतो, तेथवर तो चालत आणि पोहत येऊन पोहोचला होता.

मग अकोले तालुक्यात, म्हणजे ज्याला आता अहिल्यानगर जिल्हा म्हणतात तेथे, याच संशोधकांनी शेतांमध्ये कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहात असलेल्या आणि जंगल नसलेल्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आढळले. मादी आणि पिल्लेही दिसली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेच्या तपासणीतून कळले की तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा आणि ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. असा प्राणी वाट चुकून आलेला पाहुणा म्हणता येणार नाही. तो तेथलाच रहिवासी होता.

चुकीच्या कल्पनेची किंमत

आता मुंबईकडे परत येऊ. २००२ ते २००४ या काळात राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हल्ल्यांची लाट आली. २००४ च्या एकट्या जून महिन्यात नऊ-दहा माणसे गेली. त्या काळात बाहेर पकडलेले बिबटेही या उद्यानात आणून सोडले जात होते. 'जंगलातला प्राणी जंगलात' या कल्पनेप्रमाणे ते अगदी योग्यच होते. आणि गेलेली माणसे कोण? बहुतेक झोपडीतली, पाड्यावरची, घरात संडास नसल्यामुळे अंधारात बाहेर जावे लागणारी, आणि त्यांची मुले.

याच कल्पनेची दुसरी बाजू म्हणजे माणसाने जंगलात असू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जंगल राखले पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण एकाच रेषेने बिबट्याही घुसखोर ठरला आणि झोपडीतला माणूसही. ही रेषा निसर्गाने आखलेली आहे की आपल्या कल्पनेने, हे विचारणे आपले काम आहे.

याबाबत एका संस्थेचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. आपल्या चित्रनगरीशेजारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावे. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत म्हशी चरल्याने पक्ष्यांचे नुकसान होते, असे सलीम अली यांच्यासह अनेक तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये तेथे चराई बंद झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. पण याच सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तेथे पुढे जवळजवळ दहा वर्षे अभ्यास केला, तेव्हा आढळले की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि अनेक पक्ष्यांचे उलट नुकसान झाले. आपल्याच थोर व्यक्तीच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष संस्थेने नोंदविला, ही शास्त्राची खरी रीत आहे. परंतु निष्कर्ष येईपर्यंत गेलेले जीव परत आले नाहीत. कल्पना चुकली तर शास्त्रज्ञाला निबंध दुरुस्त करता येतो. गुराख्याला ती सोय नसते.

नवी कल्पना, नवी कामे

कल्पना बदलली की कामही बदलते. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, दूर नेऊन सोडणे टाळावे, असे त्यांत आले. त्याच वर्षी उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने नागरिक, संशोधक आणि वनखाते यांचा एकत्र उपक्रम सुरू झाला. पिंजऱ्याऐवजी प्रकाश, स्वच्छता, संडास, मुलांना अंधारात एकटे न सोडणे, बिबट्याभोवती गर्दी न करणे, यांवर भर आला. २०१५ च्या गणनेत उद्यान आणि आरेच्या परिसरात ३५ बिबटे आढळले, २०१८ मध्ये ४७. बिबटे कमी झाले नाहीत, पण २००४ सारखे वर्ष पुन्हा आले नाही.

२०१८ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला की उद्यानाच्या आसपासचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे हजारभर प्रकार टळत असावेत. ही प्रत्यक्ष मोजणी नव्हे, गणिताने काढलेला अंदाज आहे, हे विसरू नये. पण त्यातून एक साखळी स्पष्ट होते : उघडा कचरा, त्यावर कुत्री आणि डुकरे, त्यांच्यामागे बिबट्या. ही साखळी खरी असेल तर कचरा रोज उचलला जाणाऱ्या वस्तीत बिबट्याची फेरी कमी व्हायला हवी. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही.

आरे आणि उद्यानातील पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजत आले आहेत. पूजेने रक्षण होते असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण बिबट्या येथलाच आहे आणि त्याच्या वाटा सांभाळून राहायचे असते, हे निरीक्षण त्या प्रथेमागे होते. कॅमेरे लावून शास्त्राने ते उशिरा मोजले.

तरीही सर्व सुरळीत झाले, असे लिहिणे खोटे ठरेल. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड भागात काही आठवड्यांत दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. लोकांनी महामार्ग रोखला आणि सगळे बिबटे येथून हलवा, ही जुनीच मागणी नव्याने पुढे आली. ज्याचे मूल गेले त्याला आकडेवारी ऐकवू नये. पण आकडे पाहणे ज्यांचे काम आहे त्यांनी विचारले पाहिजे की हलविलेल्या बिबट्याच्या जागी कोण येईल. 'बिबटे वस्तीत राहू शकतात' ही नवी कल्पनाही शेवटचा शब्द नाही. किती राहू शकतात, कोणत्या परिस्थितीत माणसाला धोका वाढतो, उसाच्या मुलखातले उत्तर आरेला लागू पडते काय, ही व्हाउचरे अजून उघडायची आहेत.

आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. या पावसाळ्यात एक वही करा. आपल्या गल्लीत उघडे कचऱ्याचे ढीग किती, कुत्री किती, दिवे कोठे बंद आहेत, बिबट्या कोणी, कधी, कोठे पाहिला, हे तारीखवार लिहा. वर्षाने वही उघडून पाहा की आपण जे धरून चाललो होतो ते त्यात दिसते काय. दिसले नाही तर वहीतले आकडे बदलू नका, आपले मत बदला. आणि ती वही वॉर्ड ऑफिसात दाखवून बंद दिवे लावून घ्या, कारण त्या दिव्याखालून रात्री कोणाचे तरी मूल चालत घरी जाणार आहे.